तिमव्वाचा ओटा

फार वर्षं झाली. आंबरूळ गावाच्या वाटेवर तेव्हा मोटार फिरकली नव्हती, आणि गावाच्या वरच्या अंगाला आज जे तळं दिसतं, ते नुकतंच भरू लागलं होतं. हे तळं शेतीसाठी नव्हतं बरं का. गावचे जहागीरदार आनंदराव यांना नावेतून फिरायची भारी हौस. म्हणून त्यांनी दोन टेकड्यांमधल्या ओढ्यावर मातीचा बांध घालून घेतला, पाण्यात मधोमध दगडी छत्री उभारली आणि रंगवलेल्या दोन नावा आणवल्या.

बांध घातला वडार मंडळींनी. काम संपलं, तशी बाकीची बिऱ्हाडं गाढवांवर सामान लादून पुढं निघून गेली. एकटी तिमव्वा मागं राहिली. तिचा नवरा त्याच कामावर तापानं गेला होता. बांधाच्या पोटातली काळी माती दोघांनी मिळून पायांनी तुडवली होती, आणि ती सोडून जायला तिचं मन घेईना. तिनं जहागीरदारांना सांगितलं, की मातीचा बांध घालून भागत नाही, तो रोज बघावा लागतो. त्यांनाही ते पटलं. बांधाच्या टोकाला तिला खोपट घालू दिलं.

उजाडलं की तिमव्वा अनवाणी बांधावरून चालायची. रोपटं दिसलं की उपटायची, घुशीचं बीळ दिसलं की चिखल ठोकून बुजवायची. माती कुठं मऊ झाली ते तिच्या तळपायाला कळायचं. निजलेल्या गाईचा श्वास ऐकावा, तसा ती बांधाचा श्वास ऐकायची, असं म्हणतात.

बांधाच्या खालच्या पायथ्याशी एका जागी थोडं पाणी पाझरायचं. ते ती रोज ओंजळीत धरून बघायची. मातीचा बांध पाझरणारच. पाणी निवळ आहे तोवर भ्यायचं नाही, असं तिचं म्हणणं.

एका वर्षी दसरा झाल्यावर जहागीरदारांकडे लांबचे पाव्हणे यायचे होते. नाव थेट छत्रीच्या वरच्या पायरीला लागावी म्हणून त्यांनी सांडव्यावर, म्हणजे जास्तीचं पाणी जायच्या वाटेवर, जाड फळ्या बसवल्या. वरून परतीचा पाऊस झाला आणि तळं दोन हात चढलं. चौथ्या दिवशी सकाळी तिमव्वानं ओंजळ भरली, तर तिला आपलाच तळहात दिसेना. पाणी गढूळ झालं होतं.

ती तशीच बंगल्यावर गेली आणि फळ्या काढा म्हणून विनवलं. जहागीरदार रागावले नाहीत. पाव्हणे उद्या येतायत, दोन दिवस जाऊ देत, मग काढू, एवढंच म्हणाले. सांडव्यावर त्यांचे दोन राखणदार बसलेले होते, त्यामुळं तिला तिथं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मग ती खालच्या गावात उतरली. चाळीस घरं होती. दारोदार जाऊन तिनं सांगितलं, की पोरं घ्या, शेळ्या सोडा, आणि समोरच्या टेकडीवर जाऊन बसा. तिचा आवाज कुणी कधी चढलेला ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही तो चढला नाही. म्हणूनच असेल, कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गाव रिकामं झालं तशी ती पायथ्याशी परत आली. पाझराच्या तोंडावर तिनं आधी वाळू टाकली, मग बारीक खडी, मग दगड. पाणी अडवायचं नाही, त्याच्याबरोबर जाणारी माती अडवायची, हे तिला बापानं शिकवलेलं. तरी खालून वाळू उचलली जात होती. पायाखाली जमीन थरथरली तेव्हा तिला नवऱ्याची आठवण झाली, आणि ती त्या दगडांवर जाऊन बसली. गावातले चार गडी तिला ओढून न्यायला आले, तर त्यांच्यानं ती तसूभरही हलली नाही. त्या दिवशी तिमव्वाच्या अंगात टेकडीचं वजन आलं होतं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांना घेऊन आनंदराव नावेतून निघाले. पाणी आरशासारखं होतं. छत्रीपाशी पोचल्यावर एका पाव्हण्यानं समोर बोट दाखवून विचारलं, की टेकडीवर एवढी माणसं काय बघतायत? खरंच, सगळं गाव हंडे-शेळ्यांसकट ओळीनं बसलं होतं, गप्प, तळ्याकडे तोंड करून. नावाडी बाबू भोई खाली मान घालून म्हणाला, "बांध कधी जातो, ते बघतायत."

पाव्हण्यांनी नाव लगेच काठाला घ्यायला लावली. शरमेनं लाल झालेले आनंदराव तडक बांधाखाली गेले.

"ऊठ, तिमव्वा. चारचौघांत माझी शोभा केलीस."

"उठते, सरकार. आधी हितं हात घाला."

त्यांनी वाकून दगडांच्या फटीत हात घातला. बोटांमधून पाणी गेलं आणि मागं मऊ, काळी माती राहिली.

"ही माती कुठली?"

"बांधाच्या पोटातली. माझ्या मालकानं नि मी तुडवलेली."

आनंदरावांनी ती माती मुठीत धरली. मग स्वतः सांडव्यावर चढले आणि राखणदारांबरोबर फळ्या उपटायला लागले.

तळं तीन दिवस उतरत होतं. नावा काठाच्या चिखलात कलंडून पडल्या. पाणी निवळेपर्यंत तिमव्वा जागची हलली नाही; बाया तिथंच भाकरी आणून द्यायच्या. चौथ्या सकाळी तिनं ओंजळ भरली आणि टेकडीकडे बघून मान हलवली. त्या पाण्यातून तिच्या हातावरची रेघन् रेघ दिसत होती, असं म्हणतात.

त्या दगडांना आता तिमव्वाचा ओटा म्हणतात. तळ्यावर आजही नावा फिरतात, सुट्टीला शहरातली मंडळी येतात. पण दसरा झाला की एक दिवस नावा बांधून ठेवतात. सगळं आंबरूळ शेळ्यामेंढ्यांसकट समोरच्या टेकडीवर जाऊन बसतं. आलेल्या पाव्हण्यांनाही बसावं लागतं. कुणी बोलत नाही. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई तेवढी खाली ओट्याशी उभी असते. ती ओंजळ भरते, उन्हात धरते आणि वर ओरडून सांगते, "निवळ हाय!"

मग माणसं उठतात आणि आपापल्या घरी जातात.