साकवाचा अर्ज

विषय : ओढ्यावर साकव बांधून मिळणेबाबत.
संदर्भ : एका विधवेचे दोन अर्ज, पहिला पद्यात, दुसरा गद्यात.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, फार फार पूर्वी, राजांना कारभारापेक्षा काव्यात अधिक गती होती, तेव्हाची ही हकीकत आहे. त्या राज्यात गाऱ्हाणे कवितेतच मांडावे लागे. ज्याला जमत नसे, त्याला दरबारी कवी रचून देई. ती ऐकून दरबार रडला, की कवीला शाल मिळे आणि प्रकरण निकाली निघे.

एका डोंगरगावची बाई आली. तिचा मुलगा ओढ्याच्या पुरात वाहून गेला होता. मुलगी अजून तोच ओढा ओलांडून शेळ्या चारायला जात होती. बाईला लाकडी पूल, म्हणजे साकव, हवा होता.

कवीने विलाप रचला. राजा हुंदके देऊन रडला. सेनापतीने प्रधानाच्या उपरण्याला नाक पुसले. कवीला शाल मिळाली. बाई तशीच परतली.

पुढच्या वैशाखात ती पुन्हा हजर.

"या बाई," कवी म्हणाला, "यंदा ओढ्याला राक्षस म्हणू. मागच्यापेक्षा सरस होईल."

"नको, कविराज. तुमचं रडगाणं फार गोड. ऐकून सगळ्यांना बरं वाटतं, नि घरी जातात. यंदा माझं मी बोलते."

ती राजासमोर उभी राहिली. "महाराज, पोरगा बुडाला. पोरगी उरलीय. पावसाआधी साकव पाहिजे."

कोणी रडले नाही. एका पंडिताने विचारले, "यात करुणरस कुठे आहे?"

"ते मला नाही ठाऊक. पाणी कुठवर चढतं ते विचारा, सांगते."

पंडित हसले. कवी हसला नाही. वर्षभर तो विलाप त्याने समारंभांतून म्हटला होता. मुलाचे नाव मात्र कधी विचारले नव्हते. ते त्याने आता विचारले.

"रायबा," बाई म्हणाली.

"आणि मुलीचं?"

"चिमा. नावं विचारून झाली असतील, तर चला. गावानं ओंडके पाडलेत. ओढायला माणूस कमी पडतोय."

कवी गेला. पहिल्याच दिवशी त्याचे तळहात सोलले, आणि तोंडून निघालेले शब्द कोणत्याही वृत्तात बसणारे नव्हते. तरी त्याने ओंडका सोडला नाही. ओढा भरून आला, तेव्हा चिमा शेळ्यांसह साकवावरून पलीकडे गेली.

तात्पर्य : ज्याचे दुःख आपण शब्दांत घेतो, त्याच्या ओझ्याला हात लावणे हे आपले कर्तव्य असते.

अर्जाबाबत : करुणरसाच्या अभावी तो पंडितांकडे अभिप्रायासाठी पाठवला असून, अद्याप प्रलंबित आहे.