दामशेटची काळजी

घाणीवाला दामशेट गावाला समजावत होता, "दिव्याचं तेल वर्षभर आजच्याच भावानं घ्या. बदलता भाव पत्करणारा पस्तावेल. मला तुमचीच काळजी लागली आहे."

माणसं करारावर अंगठा द्यायला रांगेत उभी राहिली. तीळ पिकवणाऱ्या येसाक्काला मात्र शंका आली. या माणसानं आजवर थेंबभर तेलही कुणाला जास्त घातलं नव्हतं.

ती म्हणाली, "शेट, माझा अंगठा घ्या. फक्त माझे तीळही तुम्ही वर्षभर आजच्याच भावानं घ्यायचे."

"ते कसं जमेल? सुगी झाली की तीळ मातीमोल होतील," दामशेट बोलून गेला.

"मग तेल कशानं महागेल?"

शाईत बुडवलेले अंगठे लोकांनी धोतराला पुसले आणि बदलता भाव पत्करून घरची वाट धरली.