दोन रिसिव्हर आणि एक अंतरा

“…तेच तर ठरवायचंय बाई, यातल्या कोणत्या पेटीत तुमचा खरा आवाज आहे?”

सरूबाई कागवाडकर काही बोलल्या नाहीत.

श्रीपाल मगदूमला वाटलं, बाई विचार करतायत. बाई विचार करत नव्हत्या. आदल्या दिवसापासून त्या कुणाशी बोललेल्याच नव्हत्या.

समोर जमखान्यावर दोन जुने रिसिव्हर शेजारी शेजारी मांडलेले होते. रिसिव्हर म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत. त्याला कॅसेटचा डेक जोडायचा, दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवायचे, मधोमध बसायचं आणि ऐकायचं. दोन्ही पेट्या जपानी, बाईंच्या तरुणपणातल्या. कोल्हापूरचा एक शौकीन म्हातारा वारला, त्याच्या मुलाने विकायला काढल्या. एक ठेवायची, एक परत करायची, असं ठरलं होतं.

कोणती ठेवायची, हे श्रीपालने पुण्यातल्या सगळ्या जाणकारांना विचारून पाहिलं. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात; तिथे तर एकेका व्यक्तीच्या दोन-दोन प्रकृती निघाल्या. तेव्हा त्याला मिरज आठवली.

मिरजेत तंबोरा घ्यायचा तर शिष्य तो आधी गुरूपुढे नेऊन ठेवतो. गुरू तारा छेडतात, पसंत पडला तर भोपळ्यावर तळवा टेकवतात, मगच कारागिराला होकार जातो. श्रीपालने तीच रीत या पेट्यांना लावली. यात आपण गुरूचा मान ठेवतोय, असं त्याला मनापासून वाटत होतं. या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाब हीच.

पेट्यांना जागा हवी म्हणून त्याने खोलीत शिरल्या शिरल्या मधला तंबोरा उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला होता. गवसणी काढलेला, सुरात लावलेला तंबोरा. उचलताना त्याच्या तारा झणकारल्या. श्रीपाल तेव्हा प्लग लावायला जागा शोधत होता.

“बोला की, बाई.”

“लाव,” बाई म्हणाल्या.

आता श्रीपालने सोबत आणलेल्या कॅसेटबद्दल सांगायला हवं.

श्रीपाल ऐन विशीत बाईंकडे गाणं शिकायला होता. इचलकरंजीच्या एका बैठकीत बाईंनी मालीगौरा राग गायला आणि श्रीपालने तो कॅसेटवर भरून घेतला. त्यात एक बंदिश होती, बाईंच्या गुरूंची. तिची अस्ताई भरली गेली, म्हणजे पहिला अर्धा भाग. अंतरा सुरू होणार एवढ्यात कॅसेटची बाजू संपली. उलटून लावावी, तर मागच्या बाजूला श्रीपालच्या मित्राने भरून दिलेली सिनेमाची गाणी होती. ती पुसायचं त्याच्या जिवावर आलं.

पुढे अनेक वर्षं तो अंतरा मागत राहिला.

“आधी अस्ताई मुरू दे,” बाई म्हणायच्या. त्यांच्या गुरूंनी त्यांना तसंच बजावलेलं होतं. समोर बसलेल्याला द्यायचा, मुरल्यावर द्यायचा.

अस्ताई काही मुरली नाही. श्रीपालने गाणं सोडलं, नोकरी धरली, पैसा केला, आणि ऐकण्यात नाव काढलं. त्याच्या कानाला पुण्यात मान होता. मासिकांत लेख यायचे. तो आला की लोक गाणं थांबवून स्पीकरची जागा बदलायचे.

बाईंकडे दुसरं कुणी उरलं नाही. त्या बंदिशीचा अंतरा साऱ्या दुनियेत एका गळ्यात होता, आणि त्या गळ्यात आता गाठ होती. गुरुवारी सांगलीला शस्त्रक्रिया. आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. हे एका भाचीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

बाईंनी फोनवर श्रीपालला एवढंच सांगितलं, “मंगळवारी ये. दिवस कलताना ये.”

दिवस कलताना, ही मालीगौराची वेळ. कधीकाळी शिकलेल्या माणसाला एवढ्यावरून कळायला हरकत नव्हती. श्रीपालला कळलं ते असं, की कोल्हापूरहून पेट्या उचलायच्याच आहेत, मिरज तिथून जवळच आहे.

त्याने पहिली पेटी लावली. चंदेरी तोंडाची, बाजूंना लाकूड, काचेमागे पिवळा उजेड. खोलीत तरुण सरूबाई गायला लागल्या. म्हाताऱ्या सरूबाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या.

“कसा आहे?”

“माझाच आहे.”

“तसं नाही हो बाई. गोडवा कसा आहे? खालचे सूर फुगतायत का?”

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं.

“तेव्हा मला ताप होता,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“त्या बैठकीत. अंगात ताप घेऊन बसले होते. तुला ऐकू आला का कधी?”

“एवढं बारीक यात येत नाही ना. म्हणून तर चांगला रिसिव्हर हवाय.”



श्रीपालने बटण बंद केलं. कॅसेट फिरतच होती, पण आवाज एकदम गेला नाही. बारीक झाला, आणखी बारीक झाला, मग कुठेतरी लांब गेल्यासारखा विरला.

बाई किंचित हसल्या. त्या दिवसातलं ते पहिलं आणि शेवटचं हसू.

“हा बरा आहे. निरोप घेऊन जातो.”

“तो दोष आहे बाई. आत वीज साठून राहते. पुढच्या यंत्रांत तो काढून टाकलाय.”

“काढला?”

“हो.”

“…बरं.”

बोलताना बाईंना मध्ये थांबावं लागत होतं. एकेक शब्द त्या गाठीमागून बाहेर काढत होत्या. श्रीपालला वाटलं, वय झालं.

त्याने वायरी काढून दुसऱ्या पेटीला जोडल्या. ही काळी, वजनाला भारी. बटण दाबलं तरी काही वेळ काहीच झालं नाही. मग आत ‘टक्’ झालं आणि गाणं आलं.

“हा आधी स्वतःला तपासून घेतो,” श्रीपाल लेकराचं कौतुक सांगावं तसं सांगत होता. “आत सगळं ठीक असेल तरच दार उघडतो. आता ऐका हं.”

बाई ऐकत होत्या. गाणं तानेवर आलं, आणि श्रीपालने बटण बंद केलं.

टक्.

तान अर्ध्यात तुटली. बाईंचा हात गळ्याशी गेला.

“असं कोण थांबतं?”

“स्वच्छ थांबतो, बाई. मागे शेपूट नाही.”

यावर तो पुष्कळ बोलला. बाईंना खोकला आला तेव्हा तो थांबला, खोकला संपल्यावर जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू झाला. खिडकीतला उजेड पिवळा होत चालला होता. बाईंचं सगळं लक्ष त्या उजेडाकडे.

“श्रीपाल.”

“हं?”

“तंबोरा कुठंय?”

“आहे की, कोपऱ्यात. जपून ठेवलाय.”

“आण इकडं.”

“आणतो. एवढ्या वायरी बदलतो. तुम्हाला पहिला आवडला ना, तोच शेवटपर्यंत ऐकू. कॅसेट संपली की खरी परीक्षा.”

“कसली?”

“गाणं नसताना पेटी किती शांत राहते, त्याची. गाणं काय बाई, कुणीही ऐकतं. शांतता ऐकायला कान लागतो.”

हे वाक्य त्याच्या एका लेखातलं होतं. लोकांना फार आवडलेलं.

“तंबोरा…” बाई म्हणाल्या.

“आलोच.”

तो आला नाही. तो पेटीच्या मागे गुडघ्यांवर बसून वायरीची टोकं पिळत होता.

चंदेरी पेटी पुन्हा गायला लागली. श्रीपाल डाव्या स्पीकरला कान लावून, बाईंकडे पाठ करून बसला. अस्ताई आली. एकदा झाली, दोनदा झाली. बाईंनी डोळे मिटले. मांडीवर ताल सुरू झाला. पाठ सरळ झाली. भाची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने नंतर सांगितलं, आत्या त्या वेळी आजारी दिसतच नव्हती.

अस्ताई शेवटच्या वेळी समेवर आली आणि कॅसेटची बाजू संपली.

खोली शांत झाली.

तंबोरा हाताशी नव्हता. बाईंनी आधाराला त्या गेलेल्या गाण्याचाच सूर धरला. तरुणपणीची ती उंची आता गळ्याला पेलण्यासारखी नव्हती, म्हणून तोच सूर त्यांनी खालच्या अंगाने घेतला. जाड, खरखरीत, पण तिथेच, जिथे तो हवा होता. आणि त्यातून अंतरा उचलायला सुरुवात केली.

श्रीपालने मागे न बघता हात वर केला.

“बाई, जरा गप्प बसता का? डावीकडे घरघर येतेय.”

शिष्याने गुरूला असं म्हटल्याचं मिरजेत तरी ऐकिवात नाही. गाता गाता तर नाहीच नाही.

सरूबाई गप्प बसल्या.

श्रीपालने श्वास रोखून ऐकलं. एक स्पीकर ऐकला, सरकून दुसरा ऐकला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“गेली,” तो वळत म्हणाला. “पेटी साफ आहे, बाई. घरघर बाहेरची होती.”

“बाहेरची,” बाई म्हणाल्या.

आणि मग त्याला बाईंचा हात दिसला.

उजवा हात मांडीवरून उचललेला, तळवा वर उघडलेला, तसाच अधांतरी थांबलेला. तालातल्या खालीचा हात. ती बंदिश श्रीपालच्या गळ्यात कधी मुरली नसेल, पण ताल त्याने याच खोलीत, याच हाताकडे बघून शिकला होता. तो हात खालीच्या मात्रेवर थांबला होता, आणि खालीनंतर सम यायची राहिली होती.

“बाई… तुम्ही गात होता?”

बाईंनी हात हळूच मांडीवर ठेवला.

“अंतरा होता?”

“होता.”

…

श्रीपालने खिशातून फोन काढला. रेकॉर्डिंगचं बटण त्याला बरोबर सापडलं. फोन त्याने बाईंच्या तोंडापुढे धरला.

“म्हणा, बाई. मी आता हललो तर बघा. म्हणा.”

बाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली, मागून खोकला आला. खूप वेळ येत राहिला. भाचीने पाणी आणून दिलं.

“गुरुवारी गळा कापणारेत,” बाई म्हणाल्या. आता तो आवाज असा नव्हताच, घासणं होतं. “कालपासून बोलले नव्हते. एकदा निघेल एवढा ठेवला होता.”

फोन तसाच पुढे धरलेला होता. तो हेही भरून घेत होता. लक्षात आलं तेव्हा त्याने तो जमखान्यावर पालथा ठेवला.

“मला आधी सांगायचं तरी, बाई. मी या पेट्या गाडीतून खालीसुद्धा उतरवल्या नसत्या.”

“दिवस कलताना ये म्हटलं होतं.”

श्रीपालने खिडकीकडे बघितलं. उजेड गेला होता.

त्याला रडू आलं. रडू खरं होतं, हे मी नाकारत नाही. पण रडून कुणाला अंतरा आल्याचंही मी ऐकलेलं नाही. त्याने कोपऱ्यातला तंबोरा आणला, बाईंपुढे ठेवला, पायांवर डोकं टेकलं. बाईंनी पाय मागे घेतले नाहीत. पाठीवर हातही ठेवला नाही.

“आता मी काय करू, बाई?”

“तू कशाला आला होतास?”

“बाई, नको.”

“बोल की. एवढ्या लांबून आलास. विचारलंस त्याचं उत्तर तरी घेऊन जा.”

…

“यातला…” श्रीपालची मान वर होत नव्हती. “यातला कोणता घेऊ, ते विचारायला.”

बाई भिंतीला धरून उठल्या. भाची पुढे आली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

चंदेरी पेटी अजून चालू होती, तिच्या काचेमागे पिवळा उजेड होता. तिच्यापाशी न थांबता बाई पुढे गेल्या. काळ्या पेटीपाशी सावकाश खाली बसल्या. पसंत पडलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टेकवतात तसा तिच्यावर तळवा टेकवला.

“हा घे,” सरूबाई म्हणाल्या. “गप्प म्हटलं की गप्प बसतो.”