नाव काठालाच होती

"नाव काठाला बांधलेली होती. नावाडी शेजारी बसून विडी ओढत होता. दवाखान्याची पांढरी भिंत पलीकडं दिसत होती. मग माझ्या भावाला पलीकडं का नेलं नाही?"

हे मी जीपवाल्याला विचारलं. त्या गावच्या सरपंचाला विचारलं. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना विचारलं. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला, कुणी चहा पुढं केला.

ज्या दोघांना उत्तर माहीत होतं, ते पुढं चालत गेले होते.

म्हणून मीही चालायला लागलो.

माझा भाऊ मच्छिंद्र नर्मदेच्या परिक्रमेला गेला होता. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि तिच्याभोवती पायी फिरून यायचं. नियम पुष्कळ आहेत, पण मोठा एकच. पुरी होईपर्यंत नदी ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा मोडली.

वाटेत त्याला लोहोकरे नावाचं म्हातारं जोडपं भेटलं. काका दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त. तिघं सोबत चालले. ऐन उन्हाळ्यात, दक्षिण तटावरच्या एका लहान गावात दादाला ताप भरला. अंग भाजत होतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. दवाखाना समोरच्या काठावर. पण तिकडं न्यायचं म्हणजे नदी ओलांडणं आलं. त्यांनी जीप बोलावली. याच काठानं, लांबच्या तालुक्याला जायला. जीप यायला दुपार झाली.

दादा जीपमध्येच गेला.

मी सहावीत शाळा सोडली. पोकलेन चालवतो. नियम मोडला म्हणून कुणी मेलेलं मी पाहिलं नाही. नियम पाळला म्हणून मेलेला एक पाहिला.

त्याच गावापासून मी निघालो. दादाची काठी घेतली, दादाची झोळी घेतली, आणि जिथं त्याचं चालणं थांबलं तिथून पुढं सुरू केलं. पावसाळ्यात परिक्रमेतले लोक एका जागी चातुर्मास करतात. मी थांबलो नाही. चिखलातून, नाल्यांतून, छत्री मोडली तरी चालत राहिलो. थांबलेल्यांना गाठायचं तर असंच चालावं लागतं.

पाऊस सरता सरता रेवादासबाबांच्या आश्रमात पोचलो.

संध्याकाळ होती. पिंपळाच्या पारावर परिक्रमेतली मंडळी बसली होती. रोजच्यासारखं जो तो आपले अनुभव सांगत होता.

"ज्याच्या पायाला फोड आला नाही असा एक परिक्रमावासी आणा," कऱ्हाडचे एक गुरुजी म्हणत होते, "मी त्याला माझं कांबळं देतो."

"कशाला देताय गुरुजी? त्या कांबळ्यातल्या पिसवांनीच त्याला फोड येतील."

सगळे हसले. बोलणारी म्हातारी सगळ्यांत जास्त हसली.

"आणि ती मुलगी?" दुसरं कुणी म्हणालं. "जंगलात वाट दाखवली, बोरं दिली. नर्मदामैयाच ती!"

"मैयाच असणार," गुरुजी म्हणाले. "माझ्या पोरीनं मला आजवर एक बोर दिलेलं नाही."

पुन्हा हसणं. मी अंगणात उभा राहून ऐकत होतो. माझं डोकं तापत चाललं होतं.

मग म्हातारीचं लक्ष माझ्याकडं गेलं. ती अर्धी उठली. हातातलं भांडं पडलं.

"मच्छिंद्र..."

लोक म्हणतात आम्ही भाऊ सारखे दिसतो.

"मच्छिंद्र नाही," मी म्हणालो. "त्याला तुम्ही पोचवलं. मी जालिंदर. धाकटा."

त्या लोहोकरे काकूंच्या शेजारचे काका जागेवरच लहान झाले. मी माझा प्रश्न विचारला. सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात. वर हेही म्हणालो, "काका, लोकांना सुया टोचत जन्म गेला तुमचा. ताप कुठला हे तुम्हाला कळलं नाही?"

काका खाली पडलेलं भांडं उचलून पुसत राहिले...

पाराच्या कडेला एक म्हातारा विळीवर लाल भोपळा चिरत बसला होता. मला वाटलं स्वयंपाकी असेल. तेच रेवादासबाबा.

"जेवलास का?" ते म्हणाले.

"जेवायला आलो नाही."

"इथं येणारा प्रत्येक जण वाटेवरचं काहीतरी सांगतो. तूही सांग."

"सांगतो की. हे सगळे छपराखाली बसले होते, तेव्हा मी पावसात चालत होतो. एक मुक्काम चुकवला नाही. ताप आला तरी चाललो. मला कुणाची सोबत लागली नाही."

"बरं. काय पाहिलंस?"

"वाट."

"आणि नदी?"

"होती की. उजव्या हाताला."

"पाहिलीस?"

मी झोळीचा बंद सारखा केला.

बाबांनी भोपळ्याची फोड उलटी केली. "भाजी व्हायला वेळ आहे. पाय धुऊन घे."

सकाळी मी त्यांच्यापुढं जाऊन बसलो.

"बाबा, तुम्ही न्याय करा."

"मी भाजी करतो. न्याय मला येत नाही."

"चेष्टा करू नका."

"नाही करत. घरी कोण असतं?"

"आई."

"तिच्याजवळ कोण आहे?"

"... कुणी नाही."

"आणि तुला काय हवंय?"

"यांची परिक्रमा मोडायला हवी," मी म्हणालो. रात्रभर ठरवून ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. "ती राखायला यांनी माझा भाऊ घालवला. आता हे पुरी करणार, ओंकारेश्वरला जल वाहणार, गावी जाऊन भंडारा घालणार. का म्हणून? यांना नावेत बसवायचं आणि पलीकडं सोडायचं. बस. मग माझं काही म्हणणं नाही."

मला वाटलं बाबा रागावतील. शहाणपणाचं काही सांगतील. तयारी करूनच आलो होतो.

बाबा उठले. घाटाच्या पायऱ्या उतरले. आश्रमाची नाव तिथं खुंटाला बांधलेली होती. त्यांनी गाठ सोडली आणि दोर माझ्या हातात दिला.

"धर."

मग वर तोंड करून हाक मारली. "लोहोकरे! या. नाव तयार आहे."

काका-काकू पायऱ्यांवर आले. मागोमाग सगळा पार आला. कुणाला काय चाललंय हे सांगावं लागलं नाही.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. नावेकडं पाहिलं. मग वाकून चपला काढल्या.

"काका, अहो!" गुरुजी मधे आले. "ओंकारेश्वर किती राहिलंय? तीन-चार मुक्काम! आणि ह्या पोराच्या रागापायी... बाबा, तुम्ही तरी सांगा!"

बाबा पाण्याकडं पाहत होते.

"बाजूला व्हा गुरुजी," काका म्हणाले. आल्यापासून त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "चला हो," ते बायकोला म्हणाले.

"गुडघा सांभाळून," काकू म्हणाल्या. "आधी डावा टाका. डावा! आयुष्यभर सांगतेय यांना."

दोघं नावेत बसले. नाव डुलली. काकूंनी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. त्यांचा रंग उतरला होता.

मला जे हवं होतं ते माझ्या हातात होतं. नुसता दोर ओढून चढायचं आणि वल्हं मारायचं.

"मला नाव सोसत नाही रे," काकू म्हणाल्या. माझ्याशी नाही, पाण्याशी बोलल्यासारखं. "समुद्रापाशी खाडी नावेतूनच पार करतात. ती चालते, तो नियमच आहे. तेव्हा मला असं मळमळलं... पिशवी नाही, फडकं नाही. मच्छिंद्रनं डोक्यावरची टोपी काढून माझ्यापुढं धरली. म्हणाला, करा काकू, बिनधास्त करा. टोपी माझ्या भावाची आहे."

पायऱ्यांवर कुणी तरी हसू दाबलं.

"कसली टोपी?" मी विचारलं.

"निळी. पुढं ट्रॅक्टरचं चित्र होतं."

ती टोपी मी घरभर शोधली होती. आईशी भांडलो होतो. शेजारच्या पोरावर आळ घेतला होता. आणि दादा फोनवर म्हणाला होता, मला काय माहीत तुझी टोपी, नीट ठेवायची सवय लाव.

मला हसू आलं. खरोखरचं. तो गेल्यापासून पहिल्यांदा. ते हसू कुठं वळलं ते मला कळलं नाही. दोर हातात धरून मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, आणि तोंडातून निघत होता तो आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता.

कुणी जवळ आलं नाही. बरं झालं.

आवाज आपोआप थांबला. मी तोंडावर पाणी मारलं आणि एक पाय नावेत टाकला. म्हटलं, ठरलेलं करायचं.

"गळ्यात काय आहे?" बाबांनी विचारलं.

"दादाची कुपी."

परिक्रमेला निघताना नर्मदेचं पाणी एका लहान बाटलीत भरून घेतात. रोज तिला फूल वाहतात. शेवटी ते पाणी ओंकारेश्वराला घालायचं, मग परिक्रमा पुरी. दादाची कुपी मी त्या गावापासून गळ्यात बांधली होती. फूल वाहायचं मला कधी सुचलं नाही. पण झाकणावर मेण लावून थेंब सांडू दिला नव्हता.

"नाव पलीकडं गेली की कुपीचीही परिक्रमा मोडेल," बाबा म्हणाले.

एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इतक्या वाटेत एकदाही आलं नव्हतं.

"तुमच्याकडं ठेवून घ्या," मी म्हणालो.

"मी चालणारा नाही. ती चालणाऱ्याजवळ राहते."

"आण इकडं," गुरुजी हात पुढं करत म्हणाले. "मी नेतो. त्यात काय?"

गुरुजी चांगले माणूस होते. कुपी त्यांनी नीट नेली असती. मी गळ्यातली दोरी सोडली आणि त्यांच्याकडं दोन पायऱ्या चढलो.

"मच्छिंद्र बघितला होता का तुम्ही?" मी विचारलं.

"नाही बुवा."

"भात खाताना तो काय करायचा?"

"मला कसं माहीत असणार?"

"ताक आधी प्यायचा," नावेतून काका म्हणाले, "आणि मग म्हणायचा, भाताला ताक नाही."

कुणी हसलं नाही.

मी पायऱ्यांवर उभा. हातात कुपी. पुढं गुरुजींचा पसरलेला हात, मागं नाव. बाबा एका शब्दानं मदत करीनात. माणूस असा कसा असू शकतो, असं मला त्या वेळी वाटलं...

मी वळलो.

"उतरा," मी म्हणालो.

"काय?" काकू म्हणाल्या.

"खाली उतरा. दोघं."

"अरे, आम्ही स्वतःहून बसलोय," काका म्हणाले. "तू म्हणालास म्हणून नाही. तू ने आम्हाला."

"काका, तुमचं ऐकायला मी आलो नाही. उतरा."

ते हलेनात. मी नावेत चढलो, काकांना काखेत धरून उचललं आणि पायरीवर ठेवलं. वजन काही नव्हतं. उन्हाळ्यापासून या माणसानं काय खाल्लं असेल, असं वाटून गेलं. काकूंना हात दिला. त्यांनी तो उतरल्यावरही सोडला नाही.

"तू येतोस ना बरोबर?" त्या म्हणाल्या. "आम्ही हळू चालतो. पण येतोस ना?"

"आई एकटी आहे."

माझ्या घराकडं नेणारी इंदूरची बस पलीकडच्या काठावरून सुटते. आश्रमातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

काकांचे ओठ हलले. माझ्या प्रश्नाचं उत्तर असेल. दुसरंही काही असेल. आवाज आला नाही, आणि मी वाट पाहिली नाही.

मी कुपी काकूंच्या गळ्यात बांधली. गाठ दोनदा मारली. काठी काकांच्या हातात दिली. ती त्यांना उंच होत होती, म्हणून परत घेतली, गुडघ्यावर ठेवून बुडखा मोडला, टोक दगडावर घासून गोल केलं, आणि पुन्हा दिली.

"आता टेकून बघा."

त्यांनी टेकून पाहिलं. दोन पावलं चालले. बरोबर बसली होती.

मी नावेत एकटा चढलो. वल्हं हातात घेतलं.

"पलीकडं बांधून ठेव," बाबा म्हणाले. "तिकडचा नावाडी आणून देईल."

मी मान हलवली. मग राहवलं नाही.

"बाबा, माझी मोडली ना?"

बाबा पाण्यात उतरले. दोन्ही हात नावेला लावले आणि तिला एक मोठा धक्का दिला.

"तुझी?" ते म्हणाले. "तू तर आत्ता निघालास."