शून्याचे धागे

धुक्यात बुडालेल्या एका गावात भिवरा साळीण राहायची. तिचा माग पाण्याखालून ऐकू यावा तसा हळू वाजायचा. पणजीला मिळालेला राजाचा हुकूम तिच्याकडे शेल्यावर विणलेला होता. अक्षरांच्या ओळीत ७ चा आकडा, मान दुमडून झोपलेल्या हंसासारखा. म्हणजे वाड्यावर दरवर्षी सात शेले द्यायचे.

नव्या दिवाणांनी भिंग लावून हंसाचे धागे मोजले. म्हणाले, "पंचावन्न भरले. तेवढे शेले दे, नाहीतर माग जप्त."

भिवरानं ओळीवरून बोट फिरवलं. "दिवाणजी, आम्ही साळी शून्यच विणतो अठ्ठेचाळीस धाग्यांत. पुढं अंकागणिक एकेक धागा वाढतो. शून्याचे वजा करा, सातच उरतात."

दिवाणांनी भिंग खाली ठेवलं.

"राजांनी काहीच नको म्हणून शून्य विणवलं असतं," ती शेला घडी करत म्हणाली, "तरी आपण अठ्ठेचाळीस नेले असते."