गुऱ्हाळावरचा सुळक्या

डोंगराखालच्या रानाला लागून माणसांनी पहिलंवहिलं गुऱ्हाळ मांडलं, तेव्हाची ही गोष्ट. त्या रानात सुळक्या नावाचा रानडुक्कर राहत होता. गुऱ्हाळामागच्या खड्ड्यात उसाच्या रसाची गोड मळी टाकतात, हे त्याला कळलं मात्र, त्याने काटेरी कुंपणाला भगदाड पाडून तिथेच मुक्काम ठोकला. उकरायला नको, हुडकायला नको. तोंड घालायचं आणि चाटायचं!

दोन महिन्यांनी त्याची बहीण बोंडी भेटायला आली. दादाचं पोट जमिनीला टेकत होतं, पाठीचे राठ केस झडले होते आणि अंगभर गोचिड्या होत्या.

"दादा, हे काय झालंय तुला?"

"बाळसं धरलंय," सुळक्या ऐटीत म्हणाला.

इतक्यात गुऱ्हाळावरची कुत्री भुंकत धावून आली. बोंडी भगदाडातून पटकन बाहेर पडली. सुळक्या मात्र मध्येच अडकला. मागून कुत्र्यांचा गरम श्वास अंगाला लागला, तशी त्याची ऐट पार उतरली.

"ओढ गं, ओढ!"

बोंडीने त्याचा कान दातात धरून असा हिसडा दिला, की कुंपणासकट दादा रानात येऊन पडला.

तिने त्याला ओढ्याच्या चिखलात लोळवलं, खोडाला अंग घासायला लावलं. गोचिड्या गळाल्या. मग कंद उकरायला बसवलं. नाक सोलून निघालं, तेव्हा कुठे एक कंद वर आला.

"शी, कडू!" सुळक्या कुरकुरला.

तरी भुकेपोटी तो महिनाभर रोज उकरत राहिला. एके दिवशी बोंडीने विचारलं, "काय दादा, अजून कडूच लागतो का कंद?"

सुळक्याचं तोंड भरलेलं होतं. त्याने नुसतीच मान डोलावली आणि तिच्या पुढ्यातला कंद उचलून धूम ठोकली.