महाराजांचं धोतर

घाटावरचं शिलंगड आणि घाटाखालचं रायतळ ही शेजारची राज्यं. एकदा शिलंगडच्या वीरसेन राजाचं रायतळशी बिनसलं आणि त्यानं तिथल्या कापडाला आपले सगळे नाके बंद केले. रायतळचे माग थांबले. विणकरांनी गाऱ्हाणं मांडायला चिमाक्का साळिणीला पाठवलं.

दरबारात तिनं हात जोडले. "महाराज, भांडण राजांचं आणि उपाशी आमची पोरं. नाके उघडा."

राजा मिशीला पीळ देत गरजला, "तुमच्या मालावाचून आमचं काही अडत नाही! तुमचं सूतसुद्धा या दरबारात नको. दिसेल ते आत्ताच्या आत्ता उचल आणि चालती हो!"

चिमाक्काला वाटलं, घरी काय तोंड दाखवायचं? तिनं मान खाली घातली, तशी तिची नजर राजाच्या धोतरावर गेली. तसला काठ रायतळखेरीज कुठेच विणत नसत.

पदर सावरत ती म्हणाली, "आज्ञा शिरसावंद्य, महाराज. पण मी पडले बाईमाणूस. आपलं धोतर कसं उचलू? एखादा शिपाई मदतीला द्या."

पडद्याआडून राणीसाहेबच खुदकन हसल्या आणि पाठोपाठ सगळा दरबार हसत सुटला. राजानं घाईघाईनं कमरेची गाठ घट्ट धरली.

"नाके उघडा रे!" तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "बाई, हे बाहेर कुठे बोलू नका."

"मी नाही बोलायची, महाराज. पण एवढ्या दरबाराचं तोंड बंद ठेवायचं, तर एकेक धोतर सगळ्यांनाच द्यावं लागेल. पाठवू का?"